घरासाठी व्यायामाची सायकल: पंधरा हजारांच्या आत नीट कशी निवडाल

पंधरा हजारांच्या आत वर्षानुवर्षं चालेल अशी व्यायामाची सायकल नक्की मिळते. लोक चुकतात ते पैशांत नाही, बघण्याच्या क्रमात. जाहिरातीत आधी डिस्प्ले दिसतो, मग ॲप, मग 'इतक्या लेव्हल', आणि सीट किती खाली येते हे कुठेतरी तळाला बारीक अक्षरात. घेताना नेमकी उलटी सुरुवात करायची. आधी सीट, मग क्रँक (पेडल ज्या दांड्यांना लावलेले असतात तो फिरणारा भाग) आणि बेअरिंग, मग ब्रेक (चाकाला अडवून पायांना लागणारा जोर कमी-जास्त करणारा भाग), मग सांगाडा आणि सगळ्यात शेवटी डिस्प्ले. जी सायकल अंगाला बसते, खडखडत नाही आणि बिघडली तर गल्लीतला सायकलवाला दुरुस्त करू शकतो, तीच रोज वापरली जाते. नातेवाईकांबरोबर, शेजाऱ्यांबरोबर दुकानात जाऊन सायकली बघायचं काम माझ्याकडे आपसूक येतं. तिथे मी ज्या क्रमाने बघतो, तोच इथे देतो आहे.

आधी घरातल्यांची मापं घ्या

दुकानात जायच्या किंवा फोन उघडायच्या आधी एक टेप, एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक आणि पेन्सिल घ्या. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. पुस्तक दोन्ही पायांच्या मधे धरून, सीटवर बसल्यावर जितका दाब येतो तितकं वर दाबायचं आणि पुस्तकाची वरची कड जिथे भिंतीला टेकते तिथे खूण करायची. जमिनीपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे पायाची आतली लांबी. तिला 0.883 ने गुणा. येणारा आकडा म्हणजे क्रँकच्या मध्यापासून, म्हणजे तो ज्या आसाभोवती फिरतो तिथून, सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या दांड्याच्या रेषेत, किती अंतर हवं ते. हे सूत्र रस्त्यावरच्या सायकलींचं आहे, पण घरच्या सायकलीचा अंदाज बांधायला पुरेसं आहे.

उदाहरण घ्या. आईची आतली लांबी 70 सेंटीमीटर, मुलाची 82. आईला सीट साधारण 62 सेंटीमीटरवर लागेल, मुलाला 72 च्या थोडी वर. म्हणजे या घराला 62 ते 73 इतकी सरकणारी सीट असलेली सायकल हवी. बरीच मॉडेल्स वरच्या टोकाला कमी पडत नाहीत, ती खालच्या टोकाला अडतात. पाच फुटांच्या आतबाहेर उंचीच्या बायका आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि सगळ्यात खालच्या भोकात पिन घालूनही त्यांचे पाय पेडलला जेमतेम टेकतात. मग प्रत्येक फेऱ्याला कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि आठवड्याभरात पाठ धरते. म्हणून विक्रेत्याला 'किती उंचीच्या माणसाला चालते' हे विचारू नका. 'सीट सगळ्यात खाली असताना क्रँकच्या मध्यापासून किती सेंटीमीटर' असं विचारा, आणि टेप लावलेला फोटो मागा. चांगला दुकानदार पाठवतो.

मापाची शेवटची परीक्षा बसूनच होते. पेडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ व्हायला हवा. मग नेहमीसारखा चवडा ठेवा, आता गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा हलका बाक राहिला पाहिजे. पुढे कधी गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर सीट बहुधा खाली आहे, मागच्या बाजूला ताण आला तर बहुधा वर आहे. एका वेळी एकच भोक बदला आणि दोन दिवस तसंच चालवून बघा.

वजनाची मर्यादाही याच वेळी बघून घ्या. स्वस्त सायकलींवर बहुतेक 100 किंवा 110 किलो लिहिलेलं असतं. घरातल्या सगळ्यात जड माणसाचं वजन त्या आकड्याच्या निदान 15-20 किलो खाली असावं. मर्यादेला टेकून वापरली की सांधे आधी बोलायला लागतात, सायकलीचे.

छातीत दुखण्याचा त्रास, हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सायकल घेऊच नका. मधुमेहाची इन्शुलिन किंवा साखर खाली आणणारी गोळी चालू असेल तर व्यायामाची वेळ आणि जेवणाची वेळ त्यांच्याकडून ठरवून घ्या, आणि पाय बधिर असतील तर अनवाणी चालवू नका.

कुठला प्रकार घ्यायचा

बाजारात नावं भरपूर असली तरी घरासाठी खरे पर्याय पाचच.

घडीची सायकल, जिला एक्स-बाईक म्हणतात, ती वन बीएचकेवाल्यांची आवडती. किंमत साधारण 7 ते 11 हजार. घडी करून दाराच्या मागे उभी राहते, चुंबकाच्या ब्रेकवर चालते, आवाज जवळपास नाही. चाक लहान असतं आणि उभं राहून चालवता येत नाही. रोज वीस-पंचवीस मिनिटं, घाम येईल इतपत चालवणाऱ्याला ती पुरते. घडीच्या सांध्यातली पिन मात्र हाताने हलवून बघा, तिथे सैल असेल तर सगळी सायकल डुलते.

आपल्याकडे 'एअर बाईक' नावाने जी विकतात, ती हातही हलवायची, पंख्यासारख्या चाकाची सायकल. रीच कंपनीची एबी-110 याच वर्गातली. साधारण 6 ते 10 हजार. काही मॉडेल्सना पाठीला टेकू असतो, त्यामुळे वडीलधाऱ्यांना बरं वाटतं आणि हातांनाही काम मिळतं. यातल्या बऱ्याच मॉडेल्समध्ये चाकावर एक पट्टा घासून जोर वाढतो. पट्टा झिजतो, ढिला पडतो, वारा आणि घासण्याचा आवाज येतो. लहान मुलं असतील तर चाकाची जाळी किती बंद आहे ते बोटाने तपासा. बोट आत जात असेल तर ती सायकल सोडून द्या.

सरळ बसायची, चुंबकाच्या ब्रेकची सायकल, म्हणजे अपराइट, साधारण 10 ते 15 हजारांत येते, आणि बहुतेक घरांना मी हीच सुचवतो. चाक आणि चुंबक एकमेकांना टेकत नाहीत, त्यामुळे ब्रेकमध्ये झिजायला काही नसतं. जोर बदलायचा खटका केबलने चुंबक जवळ-लांब करतो, त्याला वीज लागत नाही. मीटरला दोन सेल पुरतात. जिथे रोज दोन-चार तास वीज जाते तिथे हे मोलाचं आहे.

स्पिन बाईक दिसायला जिमसारखी आणि ऑनलाइन 10 ते 18 हजारांत खूप दिसते. जड चाक, पुढे वाकून बसणं, उभं राहून चालवायची सोय. एक गोष्ट नव्या माणसाला कोणी सांगत नाही. हिच्या बहुतेक मॉडेल्सचं चाक साध्या सायकलसारखं मोकळं फिरत नाही. तुम्ही पाय थांबवलेत तरी चाक पेडलला फिरवतच राहतं. दळताना हात काढला तरी जातं थोडं फिरत राहतं, तसंच, फक्त इथे त्या खुंट्याला तुमचे पाय बांधलेले असतात. थांबायचं तर लाल किंवा काळा गोल खटका खाली दाबायचा, किंवा पाय हळूहळू सावकाश करत आणायचे. घरात रांगतं मूल असेल तर वापर संपल्यावर खटका पूर्ण आवळून ठेवायचा, म्हणजे पेडल हलत नाही. पूर्वी व्यायामाची सवय नसलेल्या पन्नाशीच्या माणसाला पहिली सायकल म्हणून मी स्पिन बाईक देणार नाही.

मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची रिकम्बन्ट पाठदुखीवाल्यांना आणि गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना खरोखर सुखाची असते. पण ती जागा खाते आणि चांगली पंधरा हजारांच्या आत क्वचित मिळते. फिजिओथेरपिस्टने सांगितलं असेल तर बजेट थोडं ताणून तीच घ्या. दीड-तीन हजारांचे नुसते पेडल मिळतात, ते खुर्चीत बसून पाय मोकळे करायला ठीक. त्यांना सायकल समजून घेऊ नका.

चाकाच्या वजनावरून खूप गोंधळ होतो, म्हणून दोन वाक्यं. जड चाकाने फेरा एकसंध वाटतो हे खरं, पण चाकाची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. चुंबकाच्या सायकलीत पेडलकडून चाकाकडे जाणारा पट्टा छोट्या चाकाला भराभर फिरवतो, त्यामुळे तिथलं चार किलोचं चाक कागदावर वाटतं त्याहून बरंच गुळगुळीत चालतं. वेगवेगळ्या प्रकारांच्या चाकांच्या किलोंची तुलना करत बसू नका.

चेन की पट्टा, यात घरासाठी पट्टा. आवाज नाही, तेल नाही, साडीच्या निऱ्या किंवा ओढणी काळी होत नाही. पट्टा असो वा चेन, ती पूर्ण झाकलेली हवी.

दुकानात दहा मिनिटं

शक्य असेल तर निदान एकदा सायकल प्रत्यक्ष बघा, मग ऑनलाइन घ्या. डेकॅथलॉनसारख्या दुकानात किंवा शहरातल्या जिम-साहित्याच्या दुकानात बसून बघू देतात. रोज घालता ते कपडे घालून जा आणि चपला काढून बसून बघा.

आधी न बसता हँडल धरून सायकल डावी-उजवीकडे हलवा. थोडं डुलणं चालतं, 'कटकट' असा आवाज आला तर कुठला तरी बोल्ट सैल आहे किंवा भोक मोठं झालंय. मग दोन्ही क्रँक हातात धरून आत-बाहेर ढकला. फिरवायचं नाही, बाजूला ढकलायचं. इथे खेळ लागला तर बेअरिंग हलक्या दर्जाचं आहे किंवा नीट बसवलेलं नाही, आणि हा दोष वापराने वाढतच जातो.

आता जोर शून्यावर ठेवून हाताने पेडल हळू फिरवा आणि कान लावा. फेऱ्यात एकदाच, ठरावीक जागी 'टक्' वाजत असेल तर क्रँक किंवा पेडलचा दोष. सतत 'सर्र' येत असेल तर ब्रेकचा पट्टा कुठेतरी घासतोय. मग बसा. सगळ्यात कमी जोरावर पाय अगदी हलके गेले पाहिजेत, कारण पहिला महिना तुम्ही तिथेच असाल. सगळ्यात जास्त जोरावर मांड्यांना खरंच काम पडलं पाहिजे. मधल्या लेव्हलमध्ये काही फरक जाणवतो का तेही बघा. आठ लेव्हल लिहिलेल्या असतात आणि तिसरी ते सातवी सारखीच वाटते, अशा सायकली बाजारात आहेत.

सीटखाली वाकून बघा. सीट साध्या सायकलसारख्या क्लॅम्पने बसवलेली असेल तर पुढेमागे तीन-पाचशे रुपयांची मऊ सीट कुठलाही सायकलवाला बदलून देतो. वेगळ्याच प्लेटवर चार स्क्रूंनी बसवलेली असेल तर तुम्ही त्या कंपनीला बांधले गेलात. हेच क्रँकचं. मधला दांडा आणि दोन बाजूंचे हात वेगळे, असा तीन भागांचा क्रँक असेल तर बेअरिंग, पेडल, सगळं साध्या सायकलीच्या दुकानात मिळण्याची शक्यता जास्त. अशा पेडलचे आटे साधारण 9/16 इंचाचे असतात, एकाच दांड्याच्या क्रँकचे बहुधा अर्ध्या इंचाचे. तालुक्याच्या गावात कंपनीचा माणूस यायला आठवडे लागतात. तिथे राहणाऱ्याने या एका मुद्द्यावर दोन हजार जास्त द्यावे लागले तरी द्यावेत.

माहितीपत्रकात आयएसओ 20957 लिहिलेलं दिसलं तर चांगलं, हे व्यायामाच्या स्थिर यंत्रांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात 'एच' वर्ग म्हणजे घरगुती वापर.

डिस्प्लेबद्दल एवढंच. वेळ आणि पेडलचा वेग दाखवला की झालं. किलोमीटर चाकाच्या फेऱ्यांवरून काढलेले असतात. तुमचं वजन न विचारता सांगितलेल्या कॅलरी तर सोडूनच द्या. मध्यम जोराने अर्धा तास चालवली तर 70 किलोच्या माणसाच्या साधारण 200 ते 250 कॅलरी जातात, मीटर 500 दाखवत असेल तर जेवण त्यावरून ठरवू नका.

ऑनलाइन घेताना, जुनी घेताना

ऑनलाइन घेत असाल तर पाच चांदण्यांचे अभिप्राय वगळून दोन-तीन चांदण्यांचे वाचा, त्यातही सहा महिने वापरून लिहिलेले. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचं नाव-पत्ता आणि वस्तू कुठल्या देशात बनली हे दाखवणं बंधनकारक आहे, ते नसेल तर पुढे जाऊ नका. आपल्या पिनकोडवर जोडून देणारा माणूस येतो का, वॉरंटी कशावर किती (सांगाड्यावर एक आणि बाकी भागांवर दुसरी असं बऱ्याचदा असतं), परत घ्यायला घरातून उचलून नेतात का, हे ऑर्डरच्या आधी चॅटवर लेखी विचारून स्क्रीनशॉट ठेवा. खोका उघडताना मोबाईलवर चित्रण करा आणि परतीची मुदत संपेपर्यंत खोका फेकू नका, जागा कितीही अडू दे. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

जुनी सायकल हा मला फार आवडणारा मार्ग आहे. हौसेने घेतलेल्या आणि जेमतेम वापरलेल्या सायकली निम्म्या किमतीला मिळतात, आणि चुंबकाच्या ब्रेकमध्ये झिजण्यासारखं काही नसल्याने तिथे धोका कमी. सीटचा दांडा पूर्ण बाहेर काढून आतला गंज बघा, सेलचा कप्पा उघडून हिरवट चूर्ण आहे का बघा, पेडल हाताने आवळून-सोडवून आटे शाबूत आहेत का बघा. समुद्राकाठच्या घरातली असेल तर सायकलीच्या पायांखालचे बोल्टही तपासा. शंका आली तर सायकलवाल्याला दोनशे रुपये देऊन बरोबर न्या.

जोडणी आणि जागा

बहुतेक सायकली अर्धवट जोडून येतात, तासाभराचं काम असतं. एकच जागा धोक्याची आहे, ती म्हणजे डावं पेडल. त्याचे आटे उलटे असतात. ते घट्ट करायला घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं. पेडलच्या दांड्यावर 'एल' आणि 'आर' कोरलेलं असतं, ते बघूनच बाजू ठरवा. पहिले तीन-चार आटे हातानेच जायला हवेत. हाताने जात नसेल तर पाना लावू नका, बाहेर काढून पुन्हा सरळ धरा. वाकडं आवळलं की क्रँकचे आटे जातात आणि नवा क्रँक मागवावा लागतो. बाकी बोल्ट आधी सगळे अर्धे लावा आणि मग एकेक पक्का करा, म्हणजे सांगाडा तिरका बसत नाही.

जागा पंख्याखाली किंवा खिडकीजवळ ठेवा. वारा नसेल तर दहाव्या मिनिटाला माणूस उतरतो, थकून नाही, उकाड्याने. माळ्याखाली ठेवणार असाल तर बसल्यावर डोक्यावर किती जागा राहते ते मोजा. खाली रबरी चटई हवी. फरशीवर सायकल सरकत नाही आणि खालच्या मजल्यावर घरघर जात नाही. सायकलीच्या पायाला फिरवून उंची बदलता येणाऱ्या चकत्या असतात, चारही टेकवून घ्या. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटतात.

पहिला महिना

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. पहिल्याच आठवड्यात तिथे पोचायची घाई नको. पहिले सात दिवस रोज दहा मिनिटं, सगळ्यात हलक्या जोरावर, मिनिटाला 60 ते 70 फेरे. मीटर नसेल तर उजवा पाय 15 सेकंदांत किती वेळा खाली येतो ते मोजा आणि चारने गुणा. दुसऱ्या आठवड्यात पंधरा मिनिटं, तिसऱ्यात वीस. जोर तोवर फार तर एक पायरी वाढवा. वेळ आणि जोर एकाच आठवड्यात वाढवले की गुडघे कुरकुरतात.

जोर किती असावा याचं साधं माप बोलणं आहे. चालवताना दोन-तीन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत, पण गाणं म्हणता येऊ नये. 220 वजा वय हे नाडीचं सूत्र ढोबळ आहे, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच संथ राहते, त्यांनी तर बोलण्याचंच माप धरावं. छातीत दाब, चक्कर, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली तर लगेच उतरायचं आणि डॉक्टरांकडे जायचं.

पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट आणि दोन्ही पेडल पुन्हा एकदा आवळा. नव्या सायकलीत ते हमखास थोडे बसतात. त्यानंतर महिन्यातून एकदा पुरे. घामात मीठ असतं, म्हणून उतरल्यावर हँडल, सीटचा दांडा आणि सांगाडा कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात, कोकणात तर नक्कीच, सीटच्या दांड्याला आणि उघड्या बोल्टना शिलाई मशीनचं तेल बोटाने लावा. चाकाच्या ब्रेकवर मात्र त्याचा थेंबही जाऊ देऊ नका. महिनाभर गावी जाणार असाल तर मीटरमधले सेल काढून ठेवा.